काडीच्या उगवतीकडचं पाणी

धाराशिव,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. भैरवी,

तुला, योगीरावांना आणि छोट्या सृष्टीला आशीर्वाद. 'अनेक' लावत नाही, तू मोजायला बसशील.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाकीट आमच्या हिच्या हातात पडलं. नीला तशी कुणाचं अक्षर लक्षात ठेवणारी नाही, पण तुझं तिनं लांबून ओळखलं. "अहो, वाशीच्या पोरीचं पत्र! मुंग्या चालल्यासारखं अक्षर अजून तसंच आहे बघा." सहा वर्षांनी पत्र आलं, पण अक्षरात काही सुधारणा नाही.

इकडं सगळं ठीक म्हणायचं. उजवा गुडघा जिना चढताना बोलतो. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. एमएस्सीच्या वर्गात सात जण आहेत, त्यातले तिघं येतात आणि चौघं पोलीस भरतीसाठी पळतात. फळा काढून नेला आणि भिंतीवर मोठा टीव्ही बसवला. लाइट गेली की तोही जातो. मी खिशात खडू ठेवतो आणि दाराच्या मागच्या बाजूवर लिहितो. प्राचार्य म्हणाले, दार खराब होतंय. मी म्हटलं, होऊ द्या, मुलांचं गणित त्याहून खराब आहे.

बोलण्याचा ओघ कुठं चाललाय ते तुला कळलं असेल. तू दोन प्रश्न विचारलेस. माळ्यावरचं सामान काढताना तुला संशोधनाची जुनी वही सापडली, चार दिवस तू ती घेऊन बसलीस आणि लिहिलंस, "सर, मला चूक सापडत नाही. नेमकी कुठल्या ओळीत आहे?" हा पहिला. विद्यापीठानं पीएचडीची नोंदणी सुटलेल्यांना तीस तारखेपर्यंत पुन्हा अर्ज करायला सांगितलंय, तर "करू का? मला हे जमण्यासारखं आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर वही रद्दीत घालते आणि विषय संपवते." हा दुसरा.

असं बघ. तू ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवतेस, लेकरू चार वर्षांचं आहे, योगीराव दिवसभर दुकानात. वाशीहून येणं-जाणं म्हणजे दिवस मोडतो. सहा वर्षांत विषयही पुढं सरकला असणार. मी नाही म्हणत नाही, पण सगळ्या बाजूंनी विचार कर, घरच्यांशी बोल. चुकीच्या ओळीचं म्हणशील तर इतक्या दिवसांनी मला नीट आठवत नाही, वहीही समोर नाही.

घाई करू नकोस. पण वही मात्र रद्दीत घालू नकोस, एवढं ऐक.

तुझे,
शंभुलिंग सर

---

धाराशिव,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

भैरवी,

सोमवारचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. त्यात एक धडधडीत खोटं आहे.

जेवताना हिनं विचारलं, "काय कळवलंत पोरीला?" मी म्हटलं, "विचार कर म्हणून लिहिलं." ही पोळी तव्यावर टाकून माझ्याकडं वळली. "तिनं हो का नाही विचारलंय. तुम्ही गुडघा आणि टीव्ही लिहून पाठवला असणार." बत्तीस वर्षं संसार केला की बाईला न वाचलेलं पत्रही वाचता येतं. मी भात अर्धा टाकून उठलो. तरी कागद घ्यायला मला तीन दिवस लागले.

फोन करू शकलो असतो. पण फोनवर तू "असू द्या सर" म्हणाली असतीस आणि मी लगेच ते धरून सुटलो असतो. मला माझी लक्षणं माहीत आहेत.

तर खोटं हे की मला आठवत नाही. मला ओळ न् ओळ आठवते. १४ सप्टेंबर २०१९, शनिवार, कॉलेजचा सेमिनार हॉल, तुझा पीएचडीचा प्रगती अहवाल. पुढच्या रांगेत समिती, बाहेरगावहून आलेले एक तज्ज्ञ, मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले तुझे अण्णा. तू फळ्यापाशी. तुझ्यामागं आपल्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचा नकाशा.

विषय मीच दिला होता. जिथं माणसं दाटीनं राहतात तो तालुका नकाशावर फुगवायचा, जिथं विरळ तो आक्रसवायचा, शेवटी दाटी सगळीकडं सारखी. त्यासाठी दाटीला शाईसारखं पसरू द्यायचं आणि तिच्या ओघात नकाशावरचा प्रत्येक ठिपका वाहू द्यायचा. तालुक्याच्या पोटातल्या ठिपक्याला काही अडचण नाही. घोळ हद्दीवर आहे. वाशी आणि धाराशिव यांच्यामधल्या रेषेवर दाटी एकदम पायरीसारखी बदलते, म्हणून पहिल्या क्षणी तिथं वेग अनंत. विकलक समीकरणाचं डोकं सुरुवातीलाच फिरलेलं. पुस्तकातलं प्रमेय हात वर करतं आणि प्रश्न उरतो, हद्दीवर उभ्या असलेल्या ठिपक्याला वाट एकच, की अनेक? अनेक असतील तर दोघांनी काढलेले एकाच जिल्ह्याचे नकाशे दोन तऱ्हेचे येतील आणि दोघंही बरोबर म्हणून भांडतील.

उकल एकच आहे असं मलाही वाटत होतं, अकरा वर्षांपासून. तीन वह्या भरल्या होत्या मी. असमानतांवर असमानता रचायच्या आणि शेवटी एक आकडा हवा त्यापेक्षा मोठा निघायचा. तू आलीस आणि चार ओळी लिहिल्यास, त्याही मराठीत, कारण इंग्रजीत लिहिताना विचार अडतो असं तुझं म्हणणं होतं आणि मीच परवानगी दिली होती.

तू म्हणालीस, दोन वाफे घ्या. एक काठोकाठ भरलेला, एकात कमी पाणी. मधला बांध एकदम काढला, पाणी उसळलं. बांधाच्या जागी काडी तरंगत होती. काडी पाण्याबरोबरच चालते, म्हणून पाणी तिला ओलांडून जात नाही. आणि मग तुझी तिसरी ओळ: "म्हणून काडीच्या उगवतीची बेरीज कायम."

इथं मी तुला थांबवलं. मी 'उगवती' म्हणजे 'वाढती' वाचलं! वाढती बेरीज आणि तीही कायम, म्हणजे काहीच्या काही. मी मोठ्यानं म्हटलं, "वाढती बेरीज कायम? मग माझं वाढतं वयही कायम का?" हॉल हसला. तज्ज्ञ पाहुणे तर रुमाल काढून हसले. तू म्हणालीस, "सर, उगवती म्हणजे—" आणि मी म्हणालो, "उगवती म्हणजे काय ते मला शिकवू नको, पुढं चल." तू पुढं गेली नाहीस. मग मी उठून फळ्यावर माझं लाडकं उदाहरण लिहिलं, वेग बरोबर दुप्पट अंतर भागिले वेळ. एकाच बिंदूतून हव्या तितक्या वाटा निघतात बघा, म्हटलं. तुझ्या समीकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. सुरुवातीला बिघडणारी दोन समीकरणं एवढंच साम्य. पण ते दिसायला जोरदार दिसतं.

उगवती म्हणजे पूर्व. माझी आई मरेपर्यंत 'उगवतीच्या खोलीत जा' म्हणायची. म्हणजे शब्द ठाऊक नव्हता असंही नाही. शेतात, घरात तो कळतो, आणि गणिताच्या कागदावर आला की मी ठोंब्या. काडीच्या पूर्वेकडचं पाणी कायम. पाणी कुठंच कोरडं नाही, म्हणून तेवढंच पाणी उगवतीला ठेवणारी जागा कुठल्याही क्षणी एकच असते. जागा एक, म्हणून वाट एक. झालं! सरळ हद्दीपुरती एकमेव उकल, चार ओळींत, पहिल्या क्षणाच्या अनंत वेगाला हातसुद्धा न लावता.

तुझी सिद्धता बरोबर आहे, भैरवी. तेव्हाही बरोबर होती. तुला चूक सापडत नाही कारण ती तिथं नाही.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं. मी सांगितलं नाही. आधी लाज वाटली की एक साधा शब्द वाचता आला नाही, तोही पाहुण्यांसमोर. पण नुसती लाज असती तर महिन्या-दोन महिन्यांत ओसरली असती. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. माझी अकरा वर्षं, तीन वह्या, आणि वाशीची पोर वाफ्यात काडी टाकून मोकळी. तू चुकलेली असणं मला सोयीचं होतं. तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी आहेर घेऊन आलो, जिलबी खाल्ली, तुझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि गप्प घरी आलो.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो. अर्ज कर. तुला जमेल, मला जमलं नाही ते तुला जमेल. वाकड्या हद्दीला आणखी मेहनत लागते, ती मी मागच्या चार वर्षांत थोडी केली आहे, कागद तुला देतो. पण तीन तालुक्यांच्या हद्दी एका ठिपक्यावर मिळतात, तिथं मला अजून काहीच दिसत नाही. तिथं उगवती कुठली आणि मावळती कुठली हेच ठरत नाही.

निवृत्तीनंतरही मार्गदर्शक राहता येतं. तू म्हणशील तर मी आहे.

क्षमा मागतो. एवढ्यानं भागत नाही हे कळतं.

शंभुलिंग सर

---

धाराशिव,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

भैरवी,

तुझं पाकीट काल आलं. आत मार्गदर्शक बदलाचा फॉर्म आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत ना नमस्कार ना खुशाली, एकच ओळ: "काही दिवसांनी म्हणजे नेमकं कधी?"

मी तुला शिकवलं होतं की 'पुरेसं लहान', 'काही दिवस', 'साधारण' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा. बरोबर पकडलंस.

त्याच दिवशी. दुपारी एकच्या सुमारास.

समिती जेवायला बसली होती. तू तोंड धुवायला गेली होतीस, बराच वेळ आली नाहीस. मी कँटीनकडं आलो तर अण्णा बाहेर लिंबाखाली उभे. चहा घ्या म्हटलं. त्यांनी बशीत ओतला, पण पिईनात.

"सर, पोरीचं लई चुकलं का वो?"

मी म्हटलं, "अण्णा, हुशार आहे ती. पण आज जरा गडबड झाली."

"मला त्यातलं काय कळत न्हाय. पर ती काडीचं सांगत हुती ना, ते म्याच दावलं हुतं तिला, ज्वारीला पाणी देताना. बांध फुटला तरी काडीच्या उगवतीकडचं पाणी उगवतीकडंच ऱ्हातंय. काडी सरकती, पाणी काडीला वलांडीत न्हाय. मंग त्यात हसन्यासारखं काय हुतं?"

उगवतीकडचं. त्यांनी हातानं पूर्वेकडं दाखवलं, रस्त्यापलीकडं. चारही ओळी एकापाठोपाठ एक माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि माझ्या तीन वह्याही आल्या.

समिती अजून आत होती. तुझ्या अहवालावर सह्या अडीच वाजता झाल्या. दीड तास होता माझ्याकडं. आत जाऊन "माझं वाचण्यात चुकलं" एवढे तीनच शब्द पुरे होते. मी अण्णांना "अहो, तुमची पोर बरोबर आहे" म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि बाहेर काय पडलं सांगू? मी म्हटलं, "अण्णा, शिकली तेवढं पुष्कळ झालं. आता लग्नाचं बघा."

त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "तुमी म्हनताव तर बघतो."

मी म्हणालो म्हणून त्यांनी बघितलं, भैरवी. योगीराव भले माणूस आहेत, तुझं घर चांगलं आहे, लेक गोड आहे, यातलं काही मी नाकारत नाही. पण त्या दिवशी तो विषय मी काढला, आणि ज्या माणसानं मला नुकतंच माझं अडलेलं गणित समजावून दिलं होतं त्याच्याच पुढ्यात काढला. मागच्या पत्रातही मी हे लपवलं. 'काही दिवसांनी' लिहिताना पेन थांबलं होतं, मी ते दामटून पुढं नेलं. कबुली देतानाही थोडं मागं ठेवायचं, हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची आता किळस येते.

हे पत्र अण्णांना वाचून दाखव. मीच येऊन त्यांच्यासमोर बसायला हवं. पण त्यांनी बोलावल्याशिवाय तुमच्या उंबऱ्यावर येण्याचं तोंड मला नाही.

तू लातूरच्या अर्पिता मॅडमना मार्गदर्शक म्हणून निवडलंस ते उत्तम केलंस. वाचताना मला लागलं, खोटं का बोलू. रात्रभर मनात म्हणत होतो, निदान विचारायचं तरी. मग ध्यानात आलं की तू मला विचारलंस तेव्हा मी काय केलं होतं. माझे वाकड्या हद्दीचे कागद वेगळ्या पाकिटात त्यांच्याकडं पाठवले आहेत. त्यावर माझं नाव नको. हवं तर वापरा, नाहीतर टाकून द्या.

आता फॉर्म. तू सगळे रकाने नीट भरलेस. 'मार्गदर्शक बदलण्याचे कारण' इथं तू लिहिलंस, 'वैयक्तिक कारणास्तव'. सगळेच तसं लिहितात. तुझा मोठेपणा मला समजला आणि मी त्यावर सही करायला पेनही काढलं. कुणाला काही कळलं नसतं. मे महिन्यात हार घालून घेऊन घरी गेलो असतो.

मी ते खोडलं, खोडल्यावर बाजूला सही केली आणि जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. कार्यालयात व्यंकट शिक्का मारायला बसतो, तो वाचून घाबरला. "सर, असं कुणी लिहितं का? फाइलीत कायमचं राहतंय हे. मी कोरा फॉर्म देतो, वैयक्तिक राहू द्या." मी म्हटलं, "मार शिक्का." त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि मारला. एक प्रत विद्यापीठाला, एक प्राचार्यांना, एक कॉलेजच्या फाइलीत. तुझी प्रत सोबत जोडली आहे, तीसच्या आत जमा कर.

त्यावर असं लिहिलं आहे:

"विद्यार्थिनीची सिद्धता बरोबर होती. मार्गदर्शकास ती दि. १४ सप्टेंबर २०१९ रोजी दुपारी एकच्या सुमारास, विद्यार्थिनीचे वडील श्री. बलभीम यांनी समजावून सांगितल्यामुळे कळली. मार्गदर्शकाने अडीच वाजता ती असमाधानकारक असल्याची सही केली. विद्यार्थिनीने दुसरा मार्गदर्शक घेण्यास हे कारण पुरेसे आहे. माझी हरकत नाही."

शंभुलिंग